शेवटच्या कडव्यातलं नाव

झुंबरच्या तोंडाला कुलूप नाही, हे विंचूरच्या खळ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. खळं म्हणजे व्यापाऱ्याचं कांद्याचं आवार. ट्रॅक्टर यायचे, कांदा ओतून जायचे, आणि वीस-पंचवीस बाया त्या ढिगाभोवती बसून तो निवडायच्या. मोठा इकडं, बारकी गोल्टी तिकडं, नासका मागं. झुंबर आणि तिची आई विठाबाई रोज सकाळी बौद्धवाड्यातून चालत खळ्यावर यायच्या. मुकादमाच्या हजेरीत त्यांची एकच ओळ असायची, ‘विठा आणि पोरगी’. पोरगी एकोणीस वर्षांची झाली तरी ती ओळ काही बदलली नव्हती.

आता बसून बसून बायांची कंबर धरायची, हात ढिले पडायचे. मग कुणीतरी म्हणायचं, “झुंबरे, सोड गं तुझा पट्टा!” आणि झुंबर सुटायची. ते गाणं नव्हतं बरं का. चाल नाही, आलाप नाही, काही नाही. नुसतं बोलणं, पण असं भराभर आणि असं तालात की ऐकणाऱ्याचे हात आपोआप पळायला लागावेत.

“निवड बाई, निवड बाई, गोल्टी काढ बाजूला,
मोठा कांदा मुंबईला, नासका आपल्या भाजीला!
मालक बसला गादीवर, आमी बसलो ढेकळांत,
त्याच्या हातात पंखा बाई, पानी आमच्या डोळ्यांत!”

बाया खिदळायच्या, मुकादम दात-ओठ खायचा, पण कांदा दुप्पट निवडून व्हायचा म्हणून गप्प बसायचा. लबाड मेला! आणि शेवटचं कडवं आलं की सगळ्या बाया हात थांबवून सावरून बसायच्या, कारण त्यात त्यांचं काम असायचं.

“हजेरीत नाव नाय, सातबाऱ्यात नाव नाय,
दारावरच्या पाटीवर बी माझं नाव नाय,
जिभंवर हाय माझ्या, पुस्तकात नाय लिवलं,
सांगा बायांनो, कुनी रचलं?”

“झुंबरनं रचलं!” पंचवीस बाया एका दमात ओरडायच्या. आवाराबाहेर उभी असलेली ट्रकवाली माणसंसुद्धा वळून बघायची. त्या एका ओरडण्यासाठी झुंबर दिवसभर उन्हात बसायला तयार असायची, आणि खरं सांगायचं तर सगळा पट्टा ती त्या एका ओरडण्यासाठीच रचायची. शाहीर लोक शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात, हे तिनं विहारापुढच्या कार्यक्रमांत लहानपणापासून ऐकलं होतं. नाव गुंफलं की ते गाणं त्या माणसाचं. कागद लागत नाही, सही लागत नाही.

चौऱ्याऐंशी साल सरता सरता विंचूरला जयराम शाहिरांचा जलसा आला. शाहीर नाशिकरोडचे, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. वीस वर्षं गात होते. पंचेचाळिशीचा माणूस, खणखणीत आवाज, पांढरा शुभ्र सदरा. दुपारी ते खळ्याशेजारून चालले होते आणि आतून तो पट्टा कानावर पडला. दारातच उभे राहिले. सगळा संपेपर्यंत हलले नाहीत.

“हे गाणं नाही, हे भाषणही नाही. हे आहे तरी काय?” त्यांनी विचारलं.

“तोंडाचा पट्टा हाय, दुसरं काय!” विठाबाई हातातला कांदा न सोडता म्हणाली. “लहानपनापासून वळवळती जीभ. काय औषध नाय त्याला.”

“औषध नकोच, बाई. हिला माझ्या गायन पार्टीत द्या. मी हिला मुलीसारखी सांभाळीन.”

आणि सांभाळलीही हो! खोटं कशाला बोला. दर रविवारी तिला नाशिकरोडला बोलवायचे, आपल्या बायकोच्या हातचं जेवू घालायचे, एसटीत बसवून द्यायला स्वतः स्टँडवर यायचे. श्वास कुठं घ्यायचा, शब्द कुठं तोडायचा, माईकपासून तोंड किती लांब धरायचं, सगळं त्यांनी शिकवलं. पार्टीतला ढोलकीवाला सावळीराम पहिल्या दिवशी म्हणाला होता, “ही पोरगी ढोलकीच्या पुढं पळती राव!” त्याला तिच्या मागून पळायला शाहिरांनीच शिकवलं. झुंबरला बाप आठवत नव्हता. ती शाहिरांना दादा म्हणायची, आणि म्हणताना तिचा ऊर भरून यायचा.

वर्षभरात नाशिक जिल्ह्यात तिचं नाव झालं. ओझरला म्हणू नका, कळवणला म्हणू नका, जिथं कार्यक्रम असेल तिथं लोक विचारायचे, “ती फटाफट बोलणारी पोरगी आलीय का?” मग एक दिवस दादा म्हणाले, “झुंबर, कंपनीवाल्याशी बोलणं झालंय. तुझी कॅसेट काढायची. तुझी पहिली कॅसेट!”

झुंबरला रात्रभर झोप लागली नाही. टेपरेकॉर्डर तिच्या घरी नव्हता, पण चहाच्या टपरीवर होता, ट्रकमध्ये होता, लग्नाच्या मांडवात होता. म्हणजे ती खळ्यावर कांदा निवडत बसलेली असणार आणि तिचं नाव तिकडं मालेगावात, मनमाडात कुणीतरी ओरडत असणार! तिनं शेजारणीची निळी साडी मागून आणली, लासलगावला जाऊन फोटो काढला आणि दादांच्या हातात दिला. “कव्हरवर लावा,” म्हणाली. दादांनी फोटो खिशात ठेवला.

रेकॉर्डिंग नाशिकला भद्रकालीत, एका रेडिओच्या दुकानाच्या माडीवर झालं. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडक्या बंद, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखाही बंद. घामानं सगळे निथळत होते. सकाळी दहाला बसले ते दुपारी तीनपर्यंत सहा पट्टे झाले. शेवटचा खळ्याचा. बायांच्या जागी पार्टीतली चार माणसं ओरडायला उभी होती. “कुनी रचलं?” “झुंबरनं रचलं!” झालं. मशीनवाल्यानं अंगठा दाखवला. विठाबाई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसली होती, तिनं पदर काढून मोठा श्वास घेतला.

तेवढ्यात दादा झुंबरजवळ आले. त्यांचे डोळे ओले होते.

“पोरी, एक मागू?”

“दादा, असं काय बोलता?”

“वीस वर्षं गातोय. मी मेलो की माझं नाव घेणारं काही उरणार नाही. माझ्या पोरांना ऐकवायला काही नाही. एकदा, फक्त एकदा, शेवटचं कडवं माझं नाव घालून म्हण. मी घरी ठेवीन. तुझ्या वहिनीला ऐकवीन. शिष्येनं नाव घेतलं म्हणून मरताना समाधान वाटेल बघ.”

झुंबरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. केवढा मोठा माणूस, आणि काय मागतोय! तिनं विठाबाईकडं बघितलं. विठाबाईनं कपाळाला आठी घातली, हलकेच मान हलवली, नको म्हणून. पण झुंबर आता कुणाचं ऐकतेय?

ती पुन्हा माईकपुढं उभी राहिली आणि तिनं ते कडवं असं म्हटलं की काय सांगावं! पहिल्या खेपेला घशात भीती होती. या खेपेला माया होती. जीव ओतला तिनं. “कुनी रचलं?” आणि चौघांच्या आधी तिनंच ओरडून सांगितलं, “जयरामनं रचलं!” झुंबर आणि जयराम, दोन्ही नावं तालात सारखीच बसली. सावळीरामची ढोलकी थांबली तेव्हा मशीनवाल्यानं टाळ्या वाजवल्या. पहिल्या वेळेला त्यानं नुसता अंगठा दाखवला होता.

जानेवारीत कॅसेट आली. झुंबरला कुणी कळवलं नाही. ती आणि विठाबाई खळ्यावरून सुटून विंचूर फाट्यावर आल्या, तर टपरीवरून तिचाच आवाज येत होता! झुंबर रस्त्यातच थबकली. “आये, मी! आये, ऐक, मीच हाय!” तिनं आईचं मनगट असं धरलं की विठाबाईच्या बांगड्या रुतल्या. टपरीसमोर आठ-दहा माणसं उभी होती, हातात चहा, माना हलताहेत. झुंबर त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं. शेवटचं कडवं येऊ द्यायचं, नाव येऊ द्यायचं, मग हळूच म्हणायचं, ती मीच.

कडवं आलं. “हजेरीत नाव नाय, सातबाऱ्यात नाव नाय...” माणसं पुढं झुकली. “कुनी रचलं?”

“जयरामनं रचलं!” झुंबरचाच आवाज म्हणाला. टपरीवरची माणसंही ओरडली. एकानं टेप मागं फिरवून कडवं परत लावलं.

झुंबरला आधी वाटलं, चुकून झालं असेल. खरंच तसं वाटलं तिला, वेडीला! मशीनवाल्यानं दोनातला चुकीचा तुकडा जोडला असेल. तिनं टपरीवाल्याकडून कॅसेटचं कव्हर मागून घेतलं. झुंबर चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून तिनं वाचलं. वर दादांचा फोटो, डोक्याला फेटा. खाली मोठ्या अक्षरात, ‘शाहीर जयराम यांचा तोंडाचा पट्टा’. मागच्या बाजूला, अगदी बारीक, ‘रचना : शाहीर जयराम. साथ : झुंबर आणि पार्टी.’

“काय लिवलंय?” विठाबाईनं विचारलं.

“विठा आणि पोरगी,” झुंबर म्हणाली आणि तिनं कव्हर टपरीवाल्याला परत दिलं.

रविवारी ती नाशिकरोडला गेली. दादांच्या दारावर पितळी पाटी होती, त्यांच्या नावाची. इतके रविवार ती आत गेली होती, पण ती पाटी तिनं आज पहिल्यांदा वाचली. आत दादा आणि सावळीराम चहा घेत बसले होते.

“ये, ये! ऐकलीस का? सगळीकडं वाजतेय,” दादा म्हणाले.

“दादा, माझं नाव कुठं हाय?”

“मागच्या बाजूला आहे की.”

“गान्यातलं इचारते मी. तुमी म्हनला व्हता, घरी ठेवीन.”

दादांनी कपाटातून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. “ठेवलीय ना घरी. वहिनीलाही ऐकवली.” आणि हसले. हसले हो! झुंबरच्या अंगाचा तिळपापड झाला.

“केसानं गळा कापला तुमी माझा. बाप मानत व्हते मी तुमाला.”

“हळू बोल, शेजारी आहेत. हे बघ, आवाज कुणाचा आहे? तुझा. नाव कुणी घेतलं? तू. मी तुझं तोंड धरून बोलवून घेतलं का? आणि खळ्यावरच्या पोरीची कॅसेट कोण घेतं गं? माझ्या नावावर तू घराघरांत पोचलीस. उपकार मान.”

झुंबर सावळीरामकडं वळली. “तू तिथं व्हता. तू सांग.”

सावळीराम कपात बघत राहिला. “ताई, मी ढोलकी वाजवतो. बाकी मला काय कळत नाय,” तो म्हणाला.

झुंबर निघाली. दारापर्यंत गेली तेव्हा दादा मागून अगदी शांतपणे म्हणाले, “एवढं वाटतंय ना, तर चौदा एप्रिलला ये. नाशिकरोडच्या मैदानावर आपला कार्यक्रम आहे. हजारो माणसं असतील. तिथं म्हण तुझं नाव घालून. मी आडवा येणार नाही, माझा शब्द आहे.”

त्यांच्या शब्दाची किंमत आता तिला कळली होती. पण झुंबरनं विचार केला, स्टेजवर मशीन नाही, तुकडे जोडायला कुणी नाही. माईक माझ्या हातात असणार. हजार माणसांसमोर मी विचारणार आणि मीच सांगणार. एकदा लोकांनी ऐकलं की कॅसेट खोटी पडेल. दादांचा तो शांतपणा तिला खुपला होता, पण रागाच्या भरात तिनं त्याकडं लक्ष दिलं नाही.

तीन महिने ती कॅसेट कुठं म्हणून वाजायची राहिली नाही. कांद्याच्या ट्रकमध्ये, ओझरच्या कारखान्याबाहेरच्या सायकलच्या दुकानात, लग्नात, बारशात. बँडवाले तिच्या पट्ट्याची चाल वाजवायला लागले, ज्याला चालच नव्हती! शाळेतून येणारी पोरं एकमेकांना विचारायची, “कुनी रचलं?” आणि खळ्यावर? खळ्यावर बायांनी पट्टा मागणं सोडून दिलं होतं, कारण झुंबर रडायला लागायची. तिनं सगळ्यांना हात जोडून सांगितलं, “बायांनो, चौदा तारखेला सगळ्या या. मी इचारलं की माझं नाव घ्या. तुमी तर माझ्या तोंडून पयल्यांदा ऐकलंय.”

“येऊ की! आमचा आवाज काय कमी हाय व्हय?” बाया म्हणाल्या. विठाबाईनं ट्रकवाल्याला गाठून गाडी ठरवली आणि पंचवीसच्या पंचवीस बाया पांढऱ्या साड्या नेसून निघाल्या.

मैदान फुलून गेलं होतं. संध्याकाळचे सहा वाजले होते, ऊन अजून अंगावर होतं. निळे झेंडे, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पोरं बापाच्या खांद्यावर. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. मग दादा माईकवर आले आणि म्हणाले, “आता ज्याची तुम्ही वाट बघताय तो पट्टा.” मैदान असं गरजलं की मंडपाचे बांबू हलले. दादांनी माईक झुंबरच्या हातात दिला आणि शब्द दिल्याप्रमाणे स्टेजवरून खाली उतरून पहिल्या रांगेत जाऊन बसले.

झुंबर निळ्या साडीत होती, फोटोतल्याच. तिनं बघितलं, उजव्या बाजूला खळ्यावरच्या बाया बसल्या होत्या आणि मध्ये आये, ताठ मानेनं. सावळीरामनं ढोलकीवर थाप मारली आणि ती सुटली. अशी ती कधीच सुटली नव्हती. तीन महिन्यांचा राग होता जिभेवर. गोल्टी, नासका, गादी, ढेकळं, एकेक शब्द वेचून फेकत होती, आणि प्रत्येक ओळीला मैदान तिच्याबरोबर म्हणत होतं. सगळ्यांना सगळं पाठ होतं. तिला आनंद झाला, काही क्षण ती सगळं विसरली.

“हजेरीत नाव नाय, सातबाऱ्यात नाव नाय, दारावरच्या पाटीवर बी माझं नाव नाय!” तिनं हात वर केला. “जिभंवर हाय माझ्या, पुस्तकात नाय लिवलं, सांगा भावांनो, सांगा बायांनो, कुनी रचलं?”

“जयरामनं रचलं!”

हजार तोंडांचा आवाज आला आणि तिच्या तोंडातलं ‘झुंबरनं’ त्यात कुठं गेलं ते तिलाही ऐकू आलं नाही. तिनं उजवीकडं बघितलं. खळ्यावरच्या बायांची तोंडंही तेच म्हणत होती. ठरवून नाही हो, वाईट बुद्धीनं नाही. तीन महिने कानावर तेच पडलेलं, हजार माणसं तेच ओरडताहेत, तोंडातून तेच निघालं. एकीनं जीभ चावली, एकीनं तोंडावर हात धरला. विठाबाई एकटी उभी राहिली होती.

झुंबरनं ढोलकी थांबवली. सगळं शांत झालं. “पुन्हा इचारते,” ती माईकमध्ये म्हणाली. “कुनी रचलं? झुंबरनं रचलं. मी. झुंबर माझं नाव.”

पहिल्या रांगांमधून हसू आलं. वाईट नाही, मायेचं हसू. कुणीतरी म्हणालं, “चुकली पोरगी, घाबरली.” उजवीकडून विठाबाईचा आवाज आला, चिरकत, “झुंबरनं रचलं! माझ्या पोरीनं रचलं!” आणि चारी बाजूंनी लोक तिला म्हणाले, “ए आजी, खाली बस. गाणं बिघडवू नको.” कुणीतरी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. पहिल्या रांगेत दादा हात जोडून, मान खाली घालून बसले होते, जणू त्यांना त्या कौतुकाचा संकोच वाटत होता.

स्टेजला अगदी खेटून एक म्हातारी बसली होती. कुठली कोण जाणे, झुंबरनं तिला कधी पाहिलं नव्हतं. ती कष्टानं उठली, टाचा उंचावून तिनं पाण्याचा तांब्या झुंबरपुढं धरला.

“पी, पोरी. घाबरू नको,” ती म्हणाली. “इसरतं मानूस. लय मोठी गर्दी हाय ना. जयराम म्हन, जयराम. मला बी पाठ हाय तुजं गानं.”

झुंबरनं तांब्या घेतला. पाणी प्यायली. तांब्या परत दिला. मग माईक खाली स्टेजवर ठेवला आणि मागच्या पायऱ्यांनी उतरायला लागली.

ढोलकी थांबून राहीना. सावळीरामनं थाप मारली, आणि मैदानानं शेवटचं कडवं पहिल्यापासून आपणच धरलं. हजेरीत नाव नाय, सातबाऱ्यात नाव नाय. झुंबर पायऱ्यांवर थांबली. लोकांनी एक शब्द चुकवला नाही, एक श्वास चुकीच्या जागी घेतला नाही, सगळं तिनं रचलं होतं तसंच म्हटलं. मग त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं.